बुडालेल्या सोन्याच्या सत्यकथा

'सत्यकथा' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाला प्रथम आठवते ते एक मासिक. गंमत अशी की १९८२ साली बंद पडलेल्या त्या मासिकाची कीर्ती झाली ती नवकथेमुळे, म्हणजे कल्पित वाङ्मयामुळे. नावात सत्य आणि पोटात कल्पित ही गोष्ट कोणाला खटकली नाही, कारण तिथे सत्य म्हणजे अनुभवाचे सत्य, हे लेखक, संपादक आणि वाचक या तिघांनाही ठाऊक होते. इंग्रजी साहसग्रंथांच्या वेष्टनावर याच अर्थाचा शब्द छापलेला असतो, तेव्हा मात्र त्याचा रोख निराळा असतो. तिथे तो वाचकाशी केलेला करार असतो. हे घडले, असेच घडले आणि लेखकाने ते पडताळून पाहिले, अशी त्या कराराची कलमे. वाचक एरवी कादंबरीला जे देत नाही ते या पुस्तकाला देतो: आपला विश्वास. हा करार कितपत पाळला जातो, आणि मोडला जातो तेव्हा नेमका कुठे मोडतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणे आम्ही बुडालेल्या जहाजांच्या आणि त्यांतील खजिन्याच्या शोधकथांतून घेणार आहोत.

या पुस्तकांचा आम्हाला जुना नाद आहे. आमच्या आजोबांचे थोरले बंधू बोटीवर सुखाणी होते. आमच्या लहानपणी ते गावी परतले होते आणि ओटीवर बसून आम्हा मुलांना समुद्राच्या हकीगती सांगत. एकाच वादळाची हकीगत दर खेपेस थोडी बदले, लाटांची उंची वाढे, पण आमची तक्रार नसे. पुढे साहित्याचे अध्यापन करू लागल्यावर, आणि विशेषतः 'ललितेतर गद्य' हा घटक शिकवण्याची पाळी आल्यावर, याच प्रकारची पुस्तके आम्ही वर्गात नेली. ओटीवर चालत होते ते वर्गात चालेना.

गॅरी किंडर यांचे 'शिप ऑफ गोल्ड इन द डीप ब्लू सी' हे १९९८ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आम्ही एका वर्षी नेमले होते. 'सेंट्रल अमेरिका' ही आगबोट कॅलिफोर्नियाच्या खाणींतले सोने आणि माणसे घेऊन न्यू यॉर्ककडे निघाली असता १२ सप्टेंबर १८५७ रोजी वादळात बुडाली. सुमारे सव्वाचारशे माणसे गेली. एकशे एकतीस वर्षांनी, १९८८ साली, ओहायोतील टॉमी थॉम्पसन या अभियंत्याच्या चमूने सुमारे २२०० मीटर खोलीवर ते सोने शोधून काढले. या दोन हकीगती किंडर आलटूनपालटून सांगतात. बोट बुडण्याचा भाग वर्गात वाचून दाखवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे बोलणे लेखकाने कुठून ऐकले?"

प्रश्न साधा होता आणि उत्तरही सुदैवाने देण्याजोगे होते. त्या आपत्तीतून वाचलेली माणसे पुष्कळ होती. स्त्रिया आणि मुले 'मरीन' या जहाजावर पोहोचली होती, पाण्यात तरंगणाऱ्या काही पुरुषांना 'एलन' या नॉर्वेच्या जहाजाने उचलले होते, आणि किनाऱ्याला लागताच अमेरिकी वृत्तपत्रांनी त्यांच्या जबान्या रकानेच्या रकाने छापल्या होत्या. किंडर यांचा अठराशे सत्तावनचा भाग या जबान्यांवर उभा आहे. अर्थात जबानी म्हणजे साक्षात घटना नव्हे. भिजलेल्या, थिजलेल्या, आप्त गमावलेल्या माणसाने वार्ताहराला जे सांगितले आणि वार्ताहराने जे लिहून घेतले, ते आपल्या हाती येते. तरीही त्यामागे एक माणूस असतो आणि एक तारीख असते. कप्तान हर्नडन अखेरच्या तासांत लोकांशी काय बोलला याचे साक्षीदार आहेत. एकटा असताना त्याच्या मनात काय आले याचा साक्षीदार कोणी नाही. आम्ही त्या विद्यार्थिनीला एवढेच सुचवले की प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारावे: हे कळण्याच्या जागी कोण होते?

बखरींच्या बाबतीत आपल्याकडे हा वाद फार पूर्वी होऊन गेला आहे. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरीच्या रसाळ कथनापेक्षा अस्सल पत्राच्या कोरड्या ओळीला त्यांनी अधिक वजन दिले. बखर वाङ्मय म्हणून वाचावी आणि पत्र पुरावा म्हणून, ही विभागणी आपल्या अभ्यासक्रमांत रुजली आहे. खजिन्याच्या सत्यकथेची अडचण अशी की तिला दोन्ही मान एकाच वेळी हवे असतात.

मात्र संवाद रचणे हा या पुस्तकांचा सर्वांत मोठा दोष आहे, असे आम्हाला वाटत नाही. सावध वाचकाला तो दिसतो आणि तो मनातल्या मनात वजावट करून पुढे जातो. अधिक अवघड गोष्ट आहे निष्कर्षाची. रॉबर्ट कर्सन यांचे 'शॅडो डायव्हर्स' (२००४) याचा उत्तम नमुना आहे. हे पुस्तक रूढ अर्थाने खजिन्याचे नाही. १९९१ साली न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे सत्तर मीटर खोलीवर, एक जर्मन युद्धपाणबुडी सापडली. त्या जागी असे काही बुडाल्याची नोंदच कुठे नव्हती. जॉन चॅटर्टन आणि रिची कोहलर या दोन पाणबुड्यांनी सहा वर्षे खपून, १९९७ साली, तिची ओळख पटवली: ती यू-८६९ होती. या काळात तिच्यावर बुड्या मारताना तीन जणांचे प्राण गेले. अधिकृत नोंदींप्रमाणे यू-८६९ फेब्रुवारी १९४५ मध्ये अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला, जिब्राल्टरच्या बाजूला, बुडवली गेली होती. ती नोंद चुकीची ठरली. दप्तरातल्या कागदाला समुद्रतळावरच्या वस्तूने खोटे पाडले, आणि कुठे गेली हे न कळता मेलेल्या छप्पन्न खलाशांच्या कुटुंबांना निदान जागा समजली. पुस्तकाचे सामर्थ्य इथे आहे, आणि ते कोणी नाकारू नये.

पण मग ती बुडाली कशाने? पुस्तकाचा कल असा, की तिने सोडलेला पाणतीरच वर्तुळाकार फिरून तिच्यावर आदळला असावा. शोकांतिकेला शोभेल असाच हा शेवट आहे. २००५ साली अमेरिकी तटरक्षक दलाच्या मूल्यमापनात मात्र वेगळा निष्कर्ष निघाला. ११ फेब्रुवारी १९४५ रोजी 'हॉवर्ड डी. क्रो' आणि 'कॉयनर' या दोन अमेरिकी युद्धनौकांनी त्या परिसरात पाण्याखालच्या एका लक्ष्यावर हल्ला केला होता. पाणबुडी त्यातच बुडाली, असे त्या मूल्यमापनाने म्हटले. पुढच्याच वर्षी गॅरी जेंटील या जाणत्या पाणबुड्याने, जे स्वतः बुडित जहाजांवर विपुल लिहितात, 'शॅडो डायव्हर्स एक्स्पोज्ड' हे पुस्तक काढून कर्सन यांच्या कथनातील अनेक गोष्टींना हरकत घेतली. ज्या पुस्तकाचा प्राणच 'अधिकृत नोंद चुकू शकते' हा होता, त्याच्याही निष्कर्षावर असा दुरुस्तीचा दावा लागला.

हा वाद इथे सोडवणे आमचे काम नाही. आम्हाला लक्षात आणून द्यायचे आहे ते एवढेच, की कथनाला शेवट लागतो आणि पुराव्याला तो लागतोच असे नाही. क्लाइव्ह कस्लर यांनी 'मेरी सेलेस्ट' या गूढ जहाजाचे अवशेष हैतीजवळच्या प्रवाळभित्तीवर सापडल्याचे २००१ साली जाहीर केले आणि 'द सी हंटर्स'च्या दुसऱ्या भागात त्याची कथा सांगितली. पुढे त्या अवशेषांतील लाकडाच्या वाढवर्तुळांचा अभ्यास झाला. 'मेरी सेलेस्ट' १८८५ साली त्या खडकांवर संपली होती. पण ती झाडे त्यानंतरही काही वर्षे जिवंत असल्याचे वर्तुळांवरून दिसले. झाड तोडले जाण्याआधी त्याचे जहाज बुडत नाही. यात कोणी खोटे बोलले असे मानण्याचे कारण नाही. जागा जुळत होती, वस्तू जुळत होत्या, आणि शोधणाऱ्याला जे सापडावेसे वाटत होते तेच सापडले होते. पुस्तक छापून झाले होते. लाकूड मात्र बोलायचे राहिले होते.

किंडर यांच्या पुस्तकाच्या बाबतीत हा शेवटाचा प्रश्न अधिकच टोकदार होतो. त्यांचे तपशील काळजीपूर्वक मिळवलेले आहेत आणि त्यांवर आक्षेप घेण्याजोगे आम्हाला फारसे आढळले नाही. थॉम्पसन यांनी १६१ गुंतवणूकदारांकडून सुमारे १ कोटी २७ लाख डॉलर उभे केले होते. मूळ विमा उतरवणाऱ्या कंपन्यांचे वारस न्यायालयात उतरले आणि वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतर शोधकांना बव्हंशी सोने मिळाले. पुस्तक १९९८ सालचे, म्हणून कथा विजयाच्या उंबरठ्यावर थांबते. चिकाटी, बुद्धी आणि विज्ञान यांनी समुद्रावर मात केली, असा भाव मनात ठेवून वाचक पुस्तक मिटतो.

पुढचे पुस्तकात नाही. २००० साली त्या सोन्याचा मोठा हिस्सा सुमारे पाच कोटी डॉलरना विकला गेला. वृत्तपत्रांतून अब्ज डॉलरचे आकडे फिरले होते, त्यांच्या मानाने ही रक्कम फारच लहान. गुंतवणूकदारांना परतावा मिळाला नाही आणि २००५ साली त्यांच्यापैकी काही जण न्यायालयात गेले. २०१२ साली थॉम्पसन न्यायालयापुढे हजर झाले नाहीत आणि बेपत्ता झाले. २०१५ च्या जानेवारीत फ्लोरिडात त्यांना अटक झाली. पाचशे सुवर्णनाणी कुठे आहेत हे सांगण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून न्यायालयाच्या अवमानाबद्दल ते तुरुंगात राहिले. नाणी बेलीझमधील एका न्यासाकडे दिली, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर २०२५ साली, यापुढे कोंडून ठेवून त्यांच्याकडून उत्तर मिळण्याची शक्यता नाही असे पाहून, न्यायाधीशांनी अवमानाखालची कोठडी संपवली आणि आधी ठोठावलेली दोन वर्षांची फौजदारी शिक्षा सुरू केली.

आता या पुस्तकाला खरे म्हणावे की खोटे? त्यातले एकही वाक्य १९९८ नंतर बदललेले नाही, आणि तरी ते आज वाचताना आपण दुसरेच पुस्तक वाचत असतो. ज्या हट्टाचे किंडर यांच्या पानांत कौतुक वाटते, तोच हट्ट पुढच्या कागदपत्रांत आपल्याला अस्वस्थ करतो. हा दोष लेखकावर ढकलणे अन्यायाचे होईल. भविष्याची पडताळणी कोणालाच करता येत नाही. पण एक गोष्ट मात्र पुस्तक लिहिले जात असतानाही दिसण्यासारखी होती. खजिना शोधणाऱ्याची कथा ही केवळ कथा नसते. त्याला नौका लागते, यंत्रे लागतात आणि त्यासाठी इतरांचे पैसे लागतात. ते पैसे कथेच्या बळावर उभे राहतात. पुढे सापडलेले नाणे विकले जाते तेही कथेसह, कारण नुसत्या सोन्यापेक्षा बुडून वर आलेल्या सोन्याला भाव अधिक. अशा व्यवहारात जो लेखक शोधकाच्या नौकेवर चढतो, त्याला मिळणारी माहिती शोधकाच्या मर्जीतून येते. त्याचे तपशील बिनचूक असू शकतात. त्याची उभे राहण्याची जागा मात्र त्याने वाचकाला सांगितली पाहिजे.

या संदर्भात आम्हाला आणखी एक जुनी हकीगत महत्त्वाची वाटते, आणि तिचा धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पी. अँड ओ. कंपनीची 'ईजिप्त' ही आगबोट १९ मे १९२२ रोजी इंग्लंडमधील टिलबरीहून मुंबईला येण्यास निघाली. तिच्यावर दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोने आणि चांदी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या उशां बेटाबाहेर, धुक्यात 'सेन' या फ्रेंच मालवाहू बोटीची धडक बसून ती सुमारे वीस मिनिटांत बुडाली. ३३८ पैकी २५२ माणसे वाचली, ८६ गेली. पुढे एका इटालियन कंपनीने 'आर्तील्यो' या नौकेवरून तिचा शोध घेतला आणि १९३० च्या ऑगस्टमध्ये ती सापडली. 'द टाइम्स'चा वार्ताहर डेव्हिड स्कॉट या मोहिमेबरोबर होता. त्याचे पहिले पुस्तक, 'सेव्हन्टी फॅदम्स डीप', १९३१ साली आले, आणि दुसरे, 'द ईजिप्ट्स गोल्ड', १९३२ साली.

साल पाहावे. पहिले पुस्तक आले तेव्हा सोने वर आलेले नव्हते. उलट ७ डिसेंबर १९३० रोजी एका बुडित दारूगोळा-जहाजाचे अवशेष सुरुंगाने उडवीत असता त्यातील स्फोटके पेटून खुद्द 'आर्तील्यो' नष्ट झाली होती. अल्बेर्तो जियान्नी, फ्रान्चेस्की आणि बार्जेल्लिनी हे नामांकित पाणबुडे आणि त्यांचे इतर साथी त्यात मेले होते. दुसऱ्या नौकेने काम पुढे चालवून पहिली सुवर्णवीट वर काढली ती २२ जून १९३२ रोजी. म्हणजे स्कॉटने पहिले पुस्तक लिहिले ते शेवट ठाऊक नसताना. अशा लेखकाला मागच्या घटना विजयाच्या दिशेने वाकवता येत नाहीत. जे दिसले ते, दिसले त्या क्रमाने, लिहावे लागते. प्रत्यक्ष साक्षीची आणि अपुऱ्या शेवटाची ही जोडी सत्यकथेला क्वचित लाभते, म्हणून आम्ही ते पुस्तक विद्यार्थ्यांना आवर्जून सुचवतो.

तरीही कराराचे एक कलम उरतेच. स्कॉट १९३० मध्ये डेकवर होता; १९२२ मध्ये बुडत्या बोटीवर नव्हता. आणि त्या वीस मिनिटांबद्दल जगाला जे सांगितले गेले त्याचा मोठा भाग हिंदी खलाशांविषयी होता. त्यांनी घाबरून बोटींवर झुंड केली आणि प्रवाशांना मागे सारले, अशा बातम्या ब्रिटिश वृत्तपत्रांत गाजल्या. व्यापारमंडळाच्या चौकशीनंतर कप्तानाचे प्रमाणपत्र काही काळासाठी निलंबित झाले, म्हणजे जबाबदारीचा ठपका वरच्या अधिकारावर आला. पण चौकशीचा निर्णय दप्तरात राहतो आणि बातमीतले चित्र लोकांच्या स्मरणात. सोन्याची कथा सांगणाऱ्याला बोट बुडण्याचा प्रसंग बहुधा प्रस्तावनेपुरता हवा असतो. धुके, धडक, गोंधळ, घबराट, आणि लगेच आठ वर्षांनंतरची शोधमोहीम. त्या 'घबराट' या एका शब्दात माणसे बसवलेली आहेत, आणि त्यांची जबानी कोणी रकानेच्या रकाने छापलेली नाही. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकवरचे खलाशी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जात, खाण्यापिण्याच्या सेवेत गोव्याची माणसे असत. 'सेंट्रल अमेरिके'वरील प्रवाशांना वृत्तपत्रे मिळाली. सारंग, टिंडेल, भंडारी यांना लिहून घेणारे कोणी मिळाले नाही.

'ईजिप्त'मधून वर आलेल्या वस्तूंत हैदराबाद संस्थानासाठी इंग्लंडात छापलेल्या कागदी नोटाही होत्या. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. बुडाल्या नसत्या तर त्या नोटा औरंगाबादच्या नि परभणीच्या बाजारांतून फिरल्या असत्या. आज त्या संग्राहक जपून ठेवतात आणि लिलावात त्यांना किंमत येते. समुद्राने कागद परत दिला. त्या बोटीवरच्या खलाशाचे म्हणणे कोणत्याही लोखंडी पंजाला वर काढता आले नाही. आमच्या घरातला सुखाणी निदान ओटीवर बसून आपल्या लाटा वाढवून तरी सांगू शकला, हे आम्हाला अलीकडे फार मोलाचे वाटू लागले आहे.

म्हणून तपशिलांच्या अचूकतेची चर्चा आकडे आणि तारखा यांपाशी थांबू नये, असे आमचे मत आहे. तारीख चुकली तर पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. रचलेला संवाद ओळखता येतो. घाईचा निष्कर्ष कधी तटरक्षक दल तर कधी लाकडाचे वर्तुळ खोडून काढते. पण ज्याला विचारलेच गेले नाही त्याचे मौन सुधारण्यासाठी कोणती आवृत्ती काढायची? सत्यकथेत चूक नसूनही असत्य राहू शकते ते इथे, आणि ते ओळखण्याची सवय लावणे हे साहित्याच्या वर्गाचे काम आहे, इतिहासाच्या वर्गाइतकेच.

गेल्या काही वर्षांपासून आम्ही विद्यार्थ्यांना अशा पुस्तकातील एखादे प्रकरण देतो आणि समासात फक्त प्रश्न लिहायला सांगतो. उत्तरे शोधायची नाहीत, मतेही द्यायची नाहीत. एकदा 'ईजिप्त'च्या बुडण्याचे एक जुने वर्णन असेच दिले होते. बहुतेकांनी वेळ, अंतर, संख्या यांपुढे प्रश्नचिन्हे केली होती. एका मुलाने हिंदी खलाशांच्या घबराटीच्या वाक्यापुढे पेन्सिलीने लिहिले होते: हे कोणत्या बोटीत बसून पाहिले?